उणे सहा

थोरल्याने साखळी अर्ध्यावर सोडली आणि चारही साचे खाऱ्या पाण्यात असे आदळले की धाकट्याच्या बनियनपर्यंत मिठाचं पाणी उडालं.

"सोडायची तर सांगून सोड ना, दादा. माझी आंघोळ झालीय सकाळीच."

 बोलायला श्वास लागतो, आणि होता नव्हता तो थोरल्याने साखळी ओढण्यात घालवला होता. तो टाकीच्या कठड्यावर बसला, हात गुडघ्यांवर टेकले आणि स्वतःच्या नखांकडे बघत राहिला. नखं पांढरी पडली होती. ओठ पांढरे, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या, जीभसुद्धा पांढुरकी. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाने बर्फासारखं दिसावं याची धाकट्याला गंमत वाटायची, आणि गंमत मनात ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

"लादी कुठली आणि भाऊ कुठला, ओळखू येईना बघा," तो दुधाच्या गाडीवाल्याला म्हणाला.

गाडीवाला हसला, थोरल्याकडे बघून त्याने हसू गिळलं. त्याला चाळीस लाद्या हव्या होत्या, आणि भावाभावांच्या मध्ये पडून त्या मिळणार नव्हत्या.

उन्हाळा त्या वर्षी महिनाभर आधीच येऊन बसला होता. दुधाच्या गाड्या, मासळीचे टेम्पो, सरबतवाले, सगळे सकाळी सहालाच फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत. कारखाना छोटाच. पत्र्याची शेड, खाऱ्या पाण्याची टाकी, कण्हत चालणारा कॉम्प्रेसर, कडेला जाड दाराची बर्फाची खोली आणि मागे दोन्ही भावांचे संसार. कामाची रीत बापाने घालून दिलेली: थोरला साखळीवर, धाकटा पलटीवर. साखळीवाल्याने गोठलेले साचे टाकीतून वर उचलायचे. पलटीवाल्याने ते साध्या पाण्यात बुडवून उलटे करायचे, लादी सुटली की आकडा अडकवून फळीवरून गाडीपर्यंत ओढत न्यायची. दोघांचा मेळ बसला तर तीन तासांत सगळ्या ओळी निघतात. यंदा मेळ बसत नव्हता. थोरला किती वेळा खाली बसतो याची धाकटा मनातल्या मनात नोंद ठेवायचा. सोमवारी नऊ. मंगळवारी अकरा. बुधवारपासून तो मोठ्याने मोजू लागला.

"बारा."

"मोज," थोरला धापांच्या मधल्या फटीतून म्हणाला. "मोजायलाच घातलं होतं तुला शाळेत."

यातला टोमणा धाकट्याला बरोबर लागला. थोरल्याने चौथीत शाळा सोडून साखळी धरली होती, आणि तिच्या जोरावर धाकट्याने शहरात जाऊन रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. घरात इंग्रजी वाचता येणारा तो एकटाच. बाप असेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हे ऐकवायचा, आणि थोरला जवळच उभा राहून निमूट ऐकायचा.

शेवटी थोरलीने नवऱ्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारी परतली तेव्हा हातात रिपोर्ट आणि पोटाशी धरलेली पिशवी होती.

"किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्यात," तिने ओट्यापाशी उभ्या-उभ्याच सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, रक्त तयार कर हा निरोप किडनीच शरीराला धाडते. ती थकली की निरोप बंद. मग खा किती खायचं ते, रक्त बनतच नाही. तेरा हवं, दहा-अकरावर आलं तरी माणूस कामाचा होतो. यांचं सातवर आलंय. हे इंजेक्शन म्हणजे तो निरोप. आठवड्याला एक. आणि रोज लोहाची गोळी."

"निरोपच द्यायचा तर पोस्टमन आणायचा की," धाकटी म्हणाली. ही धाकट्याची बायको, आणि दोघांचं बऱ्याच बाबतींत जमायचं.

थोरलीने ते ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं. अशा बाजूला ठेवलेल्या गोष्टींचा तिच्याकडे मोठा साठा होता. "औषधवाला म्हणाला, थंड ठेवा. जरा तापलं तरी फेकून द्यावं लागेल. तुझ्या फ्रिजमध्ये एक कप्पा दे."

घरात फ्रिज एकच, आणि तो धाकटीचा. तिच्या भावाने दिलेला. हे ती फ्रिजचं दार उघडतानाही सांगायची आणि लावतानाही.

"त्या सुया माझ्या दुधाशेजारी नकोत, ताई. लेकरू आहे घरात. घातला हात म्हणजे?"

"वरच्या कप्प्यात ठेवते. पोराचा हात पोचणार नाही."

"माझा पोचतो ना. मला किळस येते."

थोरलीने पिशवी पुन्हा पोटाशी धरली. "ठेव तुझं दूध तुझ्यापाशी. पंचक्रोशीला बर्फ पुरवणाऱ्या घरात मी एका कप्प्यासाठी हात पसरू होय? आमची बर्फाची खोली काय मेलीय?"

आणि तिने औषधाचे खोके पत्र्याच्या डब्यात घालून बर्फाच्या खोलीतल्या फळीवर, तापमापकाच्या बरोबर खाली ठेवले. त्या खोलीत सगळं टिकायचं. मासळी टिकायची, लोणी टिकायचं, एकदा शेजारच्या गवंड्याचा सुजलेला पायसुद्धा तिथल्याच बर्फाने उतरला होता. गार कमी पडलं म्हणून वाया गेलेल्या वस्तू त्या घराने ढिगाने पाहिल्या होत्या. गार जास्त झालं म्हणून काही वाया जातं, हे तिथे कुणी कधी ऐकलंच नव्हतं. दर गुरुवारी थोरली एक इंजेक्शन बाहेर काढायची. दगडासारखं झालेलं असायचं ते. मुठीत धरून, फुंकर घालून ती ते पातळ करायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि नवऱ्याला घेऊन गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे जायची.

"छान गार ठेवता हो," सिस्टर थोरल्याच्या पोटाची चिमूट धरून सुई टोचताना म्हणायची. "नाहीतर लोक चहासारखं आणतात."

थोरली ही शाबासकी घरी येऊन धाकटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात नवऱ्याला सांगायची.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बर्फाच्या खोलीचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं काम धाकट्याचं. त्या दिवशी त्याच्या कोपराचा धक्का लागून डबा खाली पडला, झाकण उडालं आणि एक खोका त्याच्या बुटापाशी आला. त्याने तो उचलला. वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात छापील काही आलं की डोळे आपोआप फिरतातच. बारीक इंग्रजी अक्षरं होती. दोन ते आठ अंशांत ठेवावे. गोठवू नये. गोठल्यास वापरू नये.

त्याने वर बघितलं. काटा उणे सहावर होता.

तोंडातून निघणारी वाफ बघत तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खोका डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा फळीवर जिथल्या तिथे सरकवला आणि वहीत लिहिलं: उणे सहा. बाहेर येऊन जाड दार लावलं, कडी घातली. थोरली अंगणात गोणपाटं वाळत घालत होती.

"डबा नीट आहे ना माझा?" तिने विचारलं. "काहीतरी पडल्याचा आवाज आला."

"नीट आहे."

एवढंच. खोटंही नव्हतं ते. दुपारभर लाद्या ओढताना त्याने स्वतःला बरंच काही समजावलं. आपल्याला विचारलंय कुणी? डॉक्टरने सांगितलं नसेल का? सांगायला जावं तर खापर आपल्याच बायकोवर फुटणार, कप्पा तिने नाकारला. आणि इंजेक्शनाने माणूस बरा होतोच असं थोडंच आहे! सगळी कारणं बरी होती, पण खरं कारण त्यांच्या मागे मांडी घालून बसलं होतं: दादाचं हे सारखं खाली बसणं आता त्याच्या उपयोगी पडू लागलं होतं. धाकटीचा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, कधीचा साखळीवर यायला टपला होता. मेहुणा आला की थोरला घरात बसणार, आणि कारखान्यात कुणाचा शब्द चालतो हे पुन्हा कुणाला विचारायला लागणार नव्हतं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरने औषधाचं प्रमाण वाढवलं. थोरलीने वाढीव खोकेही त्याच डब्यात ठेवले. आता डबा पुरेना, तेव्हा धाकट्यानेच तिला मोठा डबा शोधून दिला. "ह्यात बसतील, वहिनी," म्हणत खोके एकेक करून स्वतःच त्यात भरले. थोरलीला आश्चर्य वाटलं. दीर कधी नव्हे तो माणसासारखा वागला, असं ती नवऱ्याला म्हणाली.

दहाव्या आठवड्यात रक्त तपासलं. सातवरून पावणेसात.

त्या सोमवारी मेहुणा आला. मानेला घडी पडेल एवढा जाडजूड, बोलायला गोड. आल्या-आल्या त्याने साखळीला हात घातला आणि चार साचे खेळण्यासारखे वर आणले. फाटकाशी तीन गाड्या उभ्या होत्या. गाडीवाल्यांनी मान डोलावली.

"दादा, आता तू घरी बस," धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला. "पाटीवर नाव राहू दे तुझं. साखळी मेहुणा बघेल."

"साखळी माझी आहे."

"मग ओढ की."

थोरला गोणपाटावरून उठला. चालत आला, तेवढ्याने त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली होती. मेहुणा आदबीने बाजूला झाला. त्या आदबीत पाहुण्याला ताट वाढण्याचा आव होता. थोरल्याने साखळी धरली. साचे वीतभर वर आले. आणखी वीतभर. मग त्याचे गुडघे आधी वाकले, आणि हात सुटायच्या आतच तो पुढे कलंडून कपाळाने साच्यावर आपटला. मेहुण्याने एका हाताने साखळी झेलली, दुसऱ्याने थोरल्याची कॉलर. खाऱ्या टाकीत पडता-पडता वाचला. कपाळावर खोक पडली. तिच्यातून आलेलं रक्तही कसं पाणी घातल्यासारखं होतं.

धाकट्याने या वेळी मोजलं नाही. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चला, लाद्या घ्या," तो गाडीवाल्यांना म्हणाला. "तमाशा नाही हा."

दुसऱ्या दिवशी थोरली नवऱ्याला पुन्हा शहरात घेऊन गेली. बुधवारी दुपारी दोघं परतली तेव्हा कारखाना चालू होता. मेहुणा साखळीवर, धाकटा पलटीवर, दुधाचा गाडीवाला लाद्या मोजून घेत होता, धाकटी नळावर भांडी विसळत होती. थोरला दारातल्या गोणपाटांच्या ढिगावर बसला. त्याच्या हाताच्या वाकणात पट्टी होती. बाटलीभर रक्त चढवून पाठवलं होतं. थोरली मात्र बसली नाही. शेडच्या मधोमध, ओल्या फरशीवर जाऊन उभी राहिली.

"मी मारत होते यांना," ती म्हणाली. "दर गुरुवारी. ह्या हातांनी."

"काय झालं?" धाकटी नळ बंद करून आली.

"तिथल्या नर्सने विचारलं, औषध कशात ठेवता? मी छाती काढून सांगितलं, बाई, आमचा स्वतःचा बर्फाचा कारखाना आहे. तिने कपाळाला हात लावला. गोठलं की त्या औषधाचा जीव जातो म्हणाली. फ्रिजच्या दारात ठेवायचं असतं. दहा आठवडे मी यांना पाणी टोचून आणलं." मग तिची मान वळली. "एक कप्पा मागितला होता मी तुझ्याकडे."

"मी फक्त नको म्हटलं! बर्फात पुरा असं म्हटलं होतं का?" धाकटीचा आवाज चढला. "स्वतःचा तोरा नडला तो माझ्या गळ्यात नका मारू, ताई."

"किळस येते म्हणालीस."

"येते! अजून येते!"

धाकट्याने आकडा टेकवून ठेवला. बायको कोंडीत सापडली होती आणि चूक तर वहिनीच कबूल करत होती. न्यायाची बाजू इतकी आयती समोर आल्यावर कोण सोडतो?

"तिच्यावर का घसरता, वहिनी? ते औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, हे तिला काय माहीत? ज्यांचं औषध, त्यांनी बघायला नको?"

कॉम्प्रेसर कण्हत राहिला. मेहुण्याने साखळी तशीच धरून ठेवली होती, साच्यांचं पाणी टपटप टाकीत पडत होतं.

"दोन ते आठ कोण म्हणालं?" थोरल्याने गोणपाटांवरून विचारलं. आवाज मोठा नव्हता.

"म्हणजे?"

"ही नुसतं फ्रिज म्हणाली. आकडे हिलाही ठाऊक नाहीत. दोन ते आठ कुठून आलं?"

"आता... फ्रिजचं तेवढंच असतं. मला नाही माहीत होय? कोर्स केलाय मी."

"खोक्यावर तसंच छापलंय. नर्सने बोट ठेवून दाखवलं मला. पहिलं दोन, मग आठ. आणि खाली, गोठवू नये. डबा तापमापकाखाली होता. रोज दोन वेळा तिथे कोण जातं?"

"मी खोका वाचला नाही."

"नाही वाचला?"

"नाही म्हटलं ना! दुसऱ्याची औषधं वाचायला मला वेळ आहे का?"

"मोठा डबा तुम्हीच आणून दिलात, भावजी," थोरली हळूच म्हणाली. तिला आत्ता कुठे सगळं जुळत होतं. "माझ्यासमोर खोके एकेक करून भरलेत त्यात."

थोरला उठला. चढवलेल्या रक्ताने असेल नाहीतर रागाने, पण आधाराशिवाय उठला आणि धाकट्यासमोर येऊन उभा राहिला. धाकट्याला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं, असं नंतर त्याला कितीदा तरी वाटलं.

"खोके हातात धरलेस," थोरला म्हणाला. "मग दोनच गोष्टी होतात. एक, तू वाचलंस आणि मी मरतोय ते बघत बसलास. नाहीतर दुसरी, तुला वाचताच येत नाही. तूच सांग कुठली."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायको मेहुण्याकडे बघत होती. मेहुणा साखळीकडे. दुधाचा गाडीवाला बघत होता सरळ धाकट्याच्या तोंडाकडे, आणि तो दिवसाला अठरा गावं फिरायचा.

धाकट्याने टेकवलेला आकडा पुन्हा उचलला.

"ठरलं मग," थोरला म्हणाला. "येत नाही."

नवी इंजेक्शनं फ्रिजच्या दारात गेली. धाकटीनेच दूध पलीकडे सरकवलं. मेहुणा चार महिने राबला, कारण कुणीतरी राबायलाच हवं होतं. पण कारखान्याच्या किल्ल्या त्याच्याकडे आल्या नाहीत, त्या थोरलीच्या कमरेला गेल्या. औषधाने आपलं काम निवांतपणे केलं. महिन्याने पावणेआठ. मग नऊ. उन्हाळा उतरला, पाऊस येऊन गेला, आणि रिपोर्टात दहाच्या पुढे दोन दशांश दिसले. किडन्या काही सुधारल्या नाहीत, त्या होत्या तिथेच होत्या. रक्त अकराच्या वर जाऊ द्यायचं नाही, रक्तदाब बघत राहायचा, असं डॉक्टरने बजावलं होतं. पण थोरल्याची नखं गुलाबी झाली, दवाखान्याचा जिना चढताना तो बोलू लागला, आणि एका सकाळी मेहुण्याच्या हातातून त्याने साखळी काढून घेतली. चार साचे वर आले ते आले. मेहुणा दुपारच्या गाडीने गेला.

आलेली ताकद थोरल्याने फार काटकसरीने वापरली. तो ओरडला नाही, वाटणी मागितली नाही, भावाला पलटीवरून हलवलं नाही. फक्त गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन आलं की तो साखळी अडकवून ठेवायचा आणि टाकीला वळसा घालून यायचा.

"इकडे दे. त्याला वाचता येत नाही."

मग बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, चौथी शिकलेल्या माणसाच्या धिम्या गतीने तो चिठ्ठी मोठ्याने वाचायचा. "वी-स ला-द्या. द-हा फो-डून." गाडीवाले आधी हसले. नंतर ओशाळले. नंतर त्यांना सवय झाली. बर्फाच्या खोलीचं तापमानही आता थोरलाच लिहायचा. "उणे सहा," तो बाहेर येऊन भावाला सांगायचा. "सहाच्या आधी आडवी रेघ असते बघ. दाखवीन कधीतरी." कॉम्प्रेसर दुरुस्तीला आलेल्या माणसाने यंत्राचं पुस्तक सवयीने धाकट्यासमोर धरलं, तेव्हा थोरली किल्ल्या वाजवत पुढे झाली. "त्यांना नका दाखवू, लाज वाटते त्यांना." ते पुस्तक घरात दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हतं. दुरुस्ती तीन दिवस लांबली आणि टाकीतला निम्मा माल गेला, पण थोरल्याने भावाला विचारलं नाही आणि भावाने सांगितलं नाही.

"एकदा सांगून टाका ना, येतं म्हणून!" धाकटी चिडून रडकुंडीला आली. "सगळं गाव अडाणी म्हणतंय. पोराच्या शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, वडिलांचा अंगठा चालेल."

"सांगतो," धाकटा म्हणाला. "आणि पुढे काय विचारतील, ते तू सांग."



हिवाळ्याच्या सुरुवातीला एक नवा टेम्पोवाला आला. दूरच्या गावचा, या घराबद्दल काही न ऐकलेला. थोरला तेव्हा शेडच्या मागे मिठाची पोती उतरवून घेत होता. त्याचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. थोरली आत होती. शेडमध्ये धाकटा एकटाच. टेम्पोवाल्याने खिशातून घडी काढली, उलगडली आणि त्याच्यापुढे धरली.

बारा लाद्या. आठ अख्ख्या, चार बारीक फोडून. दुपारच्या आत. खाली सही, सहीखाली तारीख, तीही चुकलेली, एक दिवस पुढची. धाकट्याच्या डोळ्यांनी हे सगळं एका दमात टिपलं होतं. लादी ओढायचा आकडा त्याच्या हातातच होता, आठ लाद्या समोर सुटून पडल्या होत्या. बघायला कुणी नव्हतं.

"काय म्हणतंय?" टेम्पोवाल्याने विचारलं. "मालकाने लिहून दिलंय. मला वाचता येत नाही."

धाकट्याने चिठ्ठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मागे जा," तो म्हणाला. "दादाला दाखव."